सोलापुरात डान्स-पंक बँड काढणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

बँड काढतोय म्हणून पोरं भेटायला येतात, तेव्हा मी आधी विचारतो, "बेस गिटार कोण वाजवतंय?" बहुतेकदा उत्तर येतं, "तो बघायचाय अजून." गिटारवाले मात्र तिघे तयार! तिथंच गाडं अडतं. डान्स-पंक म्हणजे पंकची धार आणि नाचायला लावणारा ताल. या संगीतात गाणं उभं राहतं ते बेस आणि ड्रम्सवर.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडचा १९७९चा अल्बम 'एंटरटेनमेंट!' ऐका. अँडी गिलची गिटार कोरडी, तुटक, मध्येच गप्प बसणारी. ती गप्प बसली की बेस पुढं येतो आणि पाय हलायला लागतात. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींच्या ईएसजी या बँडात तर बेस, ड्रम्स, कोंगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) आणि गळा एवढ्यावरच बरंचसं भागतं.

ताल कागदावर सोपा आहे. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, प्रत्येक ठोक्याला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), दोन ठोक्यांच्या मधे हाय-हॅट (झांजांची जोडी) उघडा. पाच मिनिटं वेग न वाढवता हे वाजवताना घाम फुटतो. मिरवणुकीत लेझीम खेळलेला ड्रमर मिळाला तर सोडू नका. एकजण पळाला की अख्खी रांग मोडते, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

हलगी घ्यायचा मोह सोलापूरकराला होतोच. घ्या की. पण तापवलेल्या हलगीचा कडक आवाज स्नेअरच्याच (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) जागेत येऊन बसतो आणि दोन्ही मिळून नुसता कलकलाट होतो. आमच्याकडं हलगी सुरू झाली की ड्रमर स्नेअरवरचा हात काढतो, फक्त किक आणि हाय-हॅट चालू ठेवतो. बेसवाल्यानंही तेवढ्या वेळात सूर कमी करावेत.

सरावाला यंत्रमागाच्या शेडशेजारची खोली बघा. शेजारी तक्रार करत नाहीत, त्यांना आपण ऐकूच येत नाही. फक्त मागाची खटखट ड्रमरला आपल्या वेगाकडं ओढते, म्हणून त्याच्या कानात क्लिक (इअरफोनमधला ठरलेल्या वेगाचा टकटक आवाज) हवाच.

गावात कार्यक्रम म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग, नाहीतर एखादं मंडळ. तिथं "वरातीचं काहीतरी लावा की ओ" हे ऐकायची तयारी ठेवा. पुण्यात कार्यक्रम असेल तर जायला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बरी, पण परतीची संध्याकाळीच सुटते. रात्रीचा कार्यक्रम घेताना मुक्कामाचं आधी ठरवा, नाहीतर मिळालेलं मानधन लॉजवाल्याला.

आता पैसा. लिक्विड लिक्विड या बँडच्या १९८३च्या 'कॅव्हर्न'मधली बेसची ओळ 'व्हाइट लाइन्स' या रॅप गाण्यात गेली आणि ते गाणं गाजलं. मूळ बँडचं छोटं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी), ९९ रेकॉर्ड्स, त्यावरून झालेल्या कोर्टकज्जानंतर बंद पडलं. ईएसजीचं 'यूएफओ' कितीतरी रॅपवाल्यांनी तुकडे कापून (म्हणजे सँपल करून) आपल्या गाण्यांत वापरलं. वैतागून बहिणींनी पुढच्या एका रेकॉर्डचं नावच 'सँपल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स' (सँपलच्या श्रेयानं आमची बिलं भागत नाहीत) ठेवलं.

म्हणून गाणं बसलं की त्याच दिवशी कोणाचा किती टक्के वाटा ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बेसची ओळ ज्यानं काढली त्याचं नाव संगीतकारांत घाला. गायक कुरकुरेल, कुरकुरू दे. संगीतकार आणि गीतकारांना आयपीआरएसचं (गाण्यांचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं) सभासद होता येतं. तिथं गाणं नोंदवताना हेच टक्के भरायचे असतात. रेकॉर्डिंगची मालकी ही वेगळी भानगड, तिचा कागद वेगळा करा. स्टुडिओचं बिल एकट्यानं भरलं असेल तर तो हा कागद आधी मागणार, आणि मागावाच.