ऐरोली आली की एक आभार

सकाळी उठून शांतपणे उपकारस्तुती करायची, म्हणजे देवाचे आभार मानायचे, हा बेत आमच्या घरात डबा आणि पाण्याच्या गडबडीत रोज मोडायचा. शेवटी ठाण्याहून वाशीला जाणारी लोकलच कामी आली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे: प्रत्येक स्टेशनाला देवाचे एका गोष्टीबद्दल आभार. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. डोळे मिटायचीही गरज नाही, उभ्याने प्रवास असेल तर मिटूच नका!

एकच पथ्य पाळा. ‘कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल धन्यवाद’ असं ठोक नको. आठवडाभरात ते पाठांतर होतं. कालच्या दिवसातली नेमकी गोष्ट घ्या. आईचा गुडघा काल कमी दुखला. नळाला पाणी वेळेवर आलं. साहेब ओरडले नाहीत. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 17व्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण येशूचे आभार मानायला परतला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कृतघ्नच असतील असं मला वाटत नाही. घरी जायच्या घाईत राहून गेलं असेल, आपलं राहतं तसंच.

दिवस वाईट गेला असेल तर खोटं गोड बोलू नका. येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं लिहिलं. दुःख लपवा, असं नाही. अशा दिवशी तक्रार आधी सांगा, मग एकच आभार पुरे. आणि एखादं स्टेशन डुलकीत गेलंच, तर परतीच्या गाडीत ते पुन्हा येतं.