'मला का झाला?' तोंडाच्या कॅन्सरचं कारण शोधताना या चुका टाळा

माझ्या धाकट्या बहिणीच्या जिभेच्या डाव्या कडेवर एक पांढरट चट्टा आला होता. तोंड आलं असेल म्हणून ती दीड महिना त्यावर जेल लावत राहिली. मग चट्टा मधोमध लाल झाला, त्याच्या कडा उचलल्यासारख्या दिसू लागल्या आणि बोटाने चाचपलं की आत काहीतरी टणक लागायचं. बायोप्सीत निघालं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. तिचं वय ३९. तंबाखू नाही, सिगारेट नाही, दारू नाही. रिपोर्टची घडी घालत ती एवढंच म्हणाली, "ताई, मग मला का गं?"

तिला उत्तर द्यायचंच, म्हणून मी एक वही केली. चार महिन्यांत ती भरली. काही पानं उपचारात खरोखर कामी आली. बाकीची मी कोणावर तरी बोट ठेवता यावं म्हणून लिहिली होती, आणि त्या पानांचा तिला त्रासच झाला. आता ओळखीच्या कोणाच्या घरात हा प्रश्न उठला की मी आधी विचारते: याचं उत्तर 'हो' आलं तर उपचारात किंवा पुढच्या तपासण्यांत काय बदलेल? काही बदलणार असेल तर आजच डॉक्टरांसमोर ती गोष्ट काढा. नसेल तर ती थांबू शकते.

रिपोर्ट न वाचताच कारणाच्या मागे लागणं

ही माझी पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक. 'तोंडाचा कॅन्सर' हे नाव आपण फार सैलपणे वापरतो. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेखालची जागा आणि टाळूचा कडक भाग हे झालं तोंड. जिभेचा मागचा एक तृतीयांश भाग, टॉन्सिल आणि टाळूचा मऊ भाग हा घशात मोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडची गाठ सारखी दिसू शकते, पण त्यांच्या मागची कारणं बरीच वेगळी आहेत. घशाच्या या भागातल्या कॅन्सरमागे अनेकदा एचपीव्ही हा विषाणू असतो, त्यातही त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो थोड्याच रुग्णांत कारण ठरतो. मी पंधरा दिवस वाचलं ते सगळं टॉन्सिलच्या कॅन्सरबद्दल होतं. बहिणीची गाठ जिभेच्या पुढच्या भागात होती, आणि ते रिपोर्टच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं.

पी१६ या तपासणीचंही तसंच; गाठीतलं हे प्रथिन एचपीव्हीचा माग काढायला पाहतात. घशाच्या कॅन्सरमध्ये पी१६ पॉझिटिव्ह आलं तर त्याचा अर्थ मोठा असतो. २०१८ पासून अशा रुग्णांची स्टेज वेगळ्या तक्त्याने ठरवतात, कारण त्यांचा आजार उपचारांना चांगली दाद देतो. तोंडाच्या गाठीत मात्र एकट्या पी१६ वरून विषाणू होता असं म्हणता येत नाही आणि त्यावर उपचारही ठरत नाहीत. ही तपासणी केली नाही म्हणून मी डॉक्टरांशी हुज्जत घातली होती. त्यांचं बरोबर होतं.

रिपोर्टमध्ये प्रकारही पाहा. तोंडातले दहापैकी साधारण नऊ कॅन्सर स्क्वॅमस सेल प्रकारचे असतात. उरलेल्यांत लहान लाळग्रंथींच्या गाठी, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), क्वचित मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर). या गाठींचं तंबाखूशी तसं नातं नाही, त्यामुळे 'कारण सापडत नाही' यात नवल करण्यासारखं काही उरतच नाही. रिपोर्ट आणि समोरचा आजार यांचा मेळ बसत नसेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा) मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेता येतात. हे मागायला संकोचू नका.

'कसलंच व्यसन नाही' या उत्तरावर थांबणं

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?" बहीण म्हणाली, "नाही." फॉर्मवर रेघ मारली गेली. दुसऱ्या वेळी एका अनुभवी डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, आम्हाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, "जेवणानंतर तोंडात काय टाकता? दात कशाने घासता? कॉलेजात असताना काय काय करून पाहिलं होतं?" माहिती काढायची तर अशी काढावी लागते. 'व्यसन' या शब्दाला लोक घाबरतात, आणि घरचे शेजारी बसलेले असले की जास्तच.

सुपारी या प्रश्नात हमखास सुटते. अनेकांना वाटतं की तंबाखूशिवायची सुपारी निरुपद्रवी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखू नसतानाही, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. सुपारीने गाल आतून ताठ होतात, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सोसवत नाही. या अवस्थेला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे तिथेच कॅन्सर उद्भवू शकतो. तंबाखू असलेली दंतमंजनं, दहा वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट, फक्त शनिवार-रविवारची दारू हे सगळं लिहा. तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. सिगारेट सोडल्यावर तोंडाच्या कॅन्सरचा धोका ५ ते १० वर्षांत साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे जुनं खातं लगेच बंद होत नाही. ओठाचा कॅन्सर असेल तर उन्हात किती वर्षं काम केलं तेही महत्त्वाचं.

हे सगळं विचारायचं ते दोष काढायला नव्हे. जे अजून चालू आहे ते आज थांबलं तर रेडिएशन जास्त चांगलं लागू पडतं, जखमा लवकर भरतात आणि दुसऱ्या गाठीची शक्यता कमी होते. आणि खरंच यातलं काही नसेल तर रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवा. माझ्या बहिणीला तीन वेगवेगळ्या माणसांनी "खरं सांग, चोरून खात होतीस ना?" असं विचारलं. गाठ काढल्याच्या दुखण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं. तरुण, कसलंही व्यसन नसलेल्या माणसांना, त्यातही बायकांना, जिभेच्या कडेचा कॅन्सर होतो हे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

एचपीव्हीचं खापर जोडीदारावर फोडणं

घशाच्या कॅन्सरमध्ये विषाणू सापडला की घरात पहिला संशय येतो तो एकमेकांवर. यात संसार मोडायची वेळ येते, म्हणून स्पष्ट लिहिते. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे. आयुष्यात कधी तरी शारीरिक संबंध आलेल्या बहुतेकांना तो होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्या थोड्यांत तो टिकतो त्यांना कॅन्सर व्हायला त्यानंतर दशकं लागू शकतात. तो कधी आला आणि कोणाकडून आला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. जोडीदाराचं तोंड तपासून विषाणू शोधण्याची मान्यताप्राप्त चाचणीही नाही.

शेवटचं जे आठवतं त्यालाच कारण मानणं

बहिणीच्या डाव्या दाढेचा कोपरा तुटलेला होता. गाठ नेमकी तिथेच. मला वाटलं, सापडलं! वहीत मी त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग सर्जननी आरशात दाखवलं की गाठीमुळे जीभ त्या जागी जाड झाली होती आणि म्हणूनच ती दाढेला घासत होती. आधी गाठ, मग घासणं, असाही क्रम असू शकतो. टोकदार दात किंवा सैल कवळी वर्षानुवर्षं घासत राहिली तर धोका वाढतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण एकट्या दातामुळे कॅन्सर झाला असं ठामपणे म्हणता येत नाही. तरी असा दात घासून गुळगुळीत करून घ्यावाच, आणि त्यानंतरही दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर बायोप्सी करावी. रेडिएशन होणार असेल तर खराब दातांचा निकाल आधीच लावून घ्या. रेडिएशननंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दातात भरलेली चांदी, एक्स-रे, मागच्या वर्षीचा मोठा ताण हे सगळंही माझ्या वहीत होतं. पण अशी गाठ सहसा वर्षानुवर्षांच्या बदलांतून तयार होते. मागच्या सहा महिन्यांत घडलेल्या गोष्टीला तिचं मूळ समजणं बहुतेकदा चुकतंच.

विरळ पण उपचार बदलणारं कारण राहून जाणं

सगळे प्रश्न सोडा, पण हा सोडू नका. फँकोनी ॲनिमिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात पेशींना डीएनएमधली ठराविक प्रकारची मोडतोड दुरुस्त करता येत नाही. अशा माणसांना तरुण वयात, कसलंही व्यसन नसताना, तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या शेकडो पट असतो. काहींना लहानपणीच रक्ताचा त्रास होऊन निदान झालेलं असतं. पण काहींमध्ये आजार सौम्य राहतो आणि कॅन्सर झाल्यावरच कळतो. उंची खूप कमी, अंगठ्यांमध्ये व्यंग, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, रक्तातल्या पेशी सतत कमी, भावंडांत असाच त्रास, यांपैकी काही असेल तर उपचार सुरू होण्याच्या आधी सांगा. एरवीच्या मात्रेतलं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि रेडिएशन या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतं. निदान रक्तावरच्या गुणसूत्र-भंग चाचणीने होतं आणि गरज पडली तर त्वचेच्या पेशींवरही तीच चाचणी करतात. डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुसरा असाच आजार: नखं खराब, त्वचेवर जाळीसारखे डाग, तोंडात पांढरे चट्टे.

अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा पूर्वी बोन मॅरो प्रत्यारोपण झालं असेल, तर तेही आवर्जून सांगा. तोंडातल्या जुन्या चट्ट्यांचा इतिहासही काढा. लायकेन प्लॅनस (तोंडात पांढऱ्या जाळीसारखे चट्टे आणणारा जुनाट आजार) असलेल्या शंभरांत साधारण एकाला पुढे कॅन्सर होतो. पसरत जाणारा, चामखिळीसारखा पांढरा चट्टा हा त्याहून गंभीर प्रकार; तो वयस्क बायकांत जास्त दिसतो आणि त्यांच्यातल्या अनेकींनी तंबाखूला हातही लावलेला नसतो.

जनुकांच्या रिपोर्टवरून घरभर घबराट

गाठीच्या तपासणीत 'टीपी५३ मध्ये बदल' (टीपी५३ हे एक जनुक) असं आलं आणि मी मुलांच्याही तपासण्या करायला निघाले होते. तो बदल गाठीच्या पेशींत झालेला होता, जन्मापासून शरीरभर असलेला नव्हता. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या जनुकातला बदल सर्वांत जास्त आढळतो. आनुवंशिकतेचा प्रश्न वेगळा. तो गाठीवर नाही, रक्त किंवा लाळेच्या नमुन्यावर सोडवतात, आणि तो विचारायचा की नाही हे जनुकतज्ज्ञ ठरवतात.

याच ओघात 'कॅन्सर म्हणजे नुसतं नशीब' हे वाक्यही ऐकायला मिळतं. तोमासेत्ती आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं होतं की कॅन्सरमधल्या जनुकीय बदलांपैकी सरासरी दोन तृतीयांश बदल पेशी विभागताना डीएनएची नक्कल चुकल्याने होतात. हे बदलांबद्दल आहे. दर तीनपैकी दोन रुग्णांना कारणच नव्हतं असा त्याचा अर्थ होत नाही. तरीही कोणाचीही काही चूक नसताना असे बदल एकाच पेशीत साठत जाऊ शकतात, हे बहिणीला समजलं तेव्हा तिला पहिल्यांदा शांत झोप लागली.

कारण सापडेपर्यंत उपचार थांबवणं

कारण कळत नाही म्हणून आपल्या मनाने गोळ्या सुरू करणं हीही अशीच चूक. कॅनडातल्या एका चाचणीत रेडिएशन घेणाऱ्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांना व्हिटॅमिन ई किंवा औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या होत्या. २००५ साली निकाल आला: गोळ्या चालू असतानाच्या काळात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत दुसरा कॅन्सर जास्त झाला. 'निदान नुकसान तरी काय' म्हणून काहीही सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती गाठा. कारण नंतरही शोधता येतं.

आमच्या वहीत शेवटी 'कारण: सापडलं नाही' असंच लिहिलेलं आहे. त्याच्या पुढच्या पानापासून तारखा सुरू होतात. एकदा तोंडात कॅन्सर झालेल्या माणसाच्या तोंडात किंवा घशात दुसरी स्वतंत्र गाठ होऊ शकते, मग कारण माहीत असो वा नसो. म्हणून पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी २ ते ६ महिन्यांनी तपासणी होते आणि पुढे अंतर वाढत जातं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बहीण खिडकीशी उभी राहून जीभ कापडाने धरते, दोन्ही कडा आरशात पाहते, जिभेखाली पाहते, मग मानेच्या दोन्ही बाजू चाचपते. मी टॉर्च धरते. पाहून झालं की ती तारखेपुढे बरोबरची खूण करते.