डिस्क लेथवर देण्याआधी मायक्रोमीटर लावा

तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल धडधडतं, स्टेअरिंग हलतं. गॅरेजवाला लगेच म्हणतो, "ब्रेकची डिस्क वाकडी झालीय, लेथवर फेस मारून (म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून) घेऊ." आधी मोजू द्या म्हणावं.

जाडी मोजायला ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर हवा. घरी नसला तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडून आणा, पण त्याचा शून्य तपासून घ्या. साधं व्हर्निअर इथे फसवतं. ब्रेक दाबल्यावर डिस्कला आवळणारा पॅड तिच्या अगदी काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे बाहेर न झिजलेली कड उरते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि संपलेली डिस्कही जाड भरते.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. नट जॅक लावण्याआधीच सैल करा. गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. चाक काढलं की तेच नट वॉशर घालून डिस्कवर सारखे आवळा, नाहीतर डिस्क हबवर, म्हणजे ती बसते त्या फिरत्या भागावर, डुलेल. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढायची गरज नाही. डिस्क मात्र गार होऊ द्या.

डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किंवा कडेला 'मिन टीएच', म्हणजे किमान जाडी, असं लिहून आकडा कोरलेला असतो. गंजाखाली असेल तर तारेच्या ब्रशने घासा. समजा तो २० मिमी आहे. काठापासून १० ते १५ मिमी आत खडूने समान अंतरावर ८ खुणा करा आणि मायक्रोमीटरच्या टोकाची रॅचेट फिरवून माप घ्या. सरासरी काढू नका, सगळ्यांत कमी आकडा धरा. तो २० च्या खाली गेला की डिस्क बाद. २०.२ भरली आणि पॅड नवे घालायचे असले तरी बदलाच, कारण ते पॅड संपेपर्यंत ती टिकणार नाही.

कमाल-किमान मापांत ०.०२ मिमीहून जास्त फरक असेल तर धडधड तिथूनच येते. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, जाडी असमान झालेली असते. हब आणि डिस्कमध्ये गंज साचला की डिस्क किंचित तिरकी बसते, ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला पॅडला चाटते आणि ठरावीक जागी पातळ होते.

तिरकेपणा डायल गेजवर कळतो. त्याचा चुंबकी स्टँड नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर), गेजचं टोक डिस्कच्या काठापासून १० मिमी आत, डिस्क एक फेरा फिरवा. मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिमी. जास्त आलं तर डिस्क काढून हब घासा. तरी राहिलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा. मग हबचा तिरकेपणा आणि बेअरिंगचा खेळ बघा. हब तिरका असेल तर नवी डिस्कही काही महिन्यांत धडधडेल.

लेथचा हिशोब सोपा आहे: प्रत्येक बाजूने ०.२ मिमी गेला तर २०.३ ची डिस्क १९.९ होते, म्हणजे फेसचे पैसे वाया.

डिस्क जोडीनेच बदला, पॅडही नवे. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.