पानं धुतलीत का?

झाडं लावून धातूंनी बिघडलेली जमीन सुधारायची, या विषयात पीएचडीला बसत असाल तर फायटोरेमेडिएशन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझं एक वर्ष कशात गेलं, तेवढं सांगते.

माझी जागा म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या एका मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्याचा पायथा. झाडं करंज आणि शिसम. मे महिन्यात पानं तोडली, नळाखाली धुतली, वाळवली, दळली, आम्लात पचवली म्हणजे विरघळवली, एएएसवर (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) लावली. मॅंगनीजचे आकडे भरघोस आले. सप्टेंबरात त्याच झाडांची पानं घेतली, तर आकडे निम्म्याच्याही खाली. पावसाळ्यात झाडं मॅंगनीज कमी शोषतात, असं मी लिहून मोकळी झाले. वर त्याची कारणंही दोन पानभर लिहिली.

सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "जमीन पाणी साचून चिबड झाली की मॅंगनीज विरघळतं, मुळांना जास्त मिळतं. तुमचं उलटं कसं?" मी गप्प. मग दुसरा प्रश्न आला, "पानं कशानं धुतलीत?"

मे महिन्यातल्या काही फांद्या मी तशाच वाळवून ठेवल्या होत्या. घरी येऊन त्यातलं एक पान ओल्या पांढऱ्या कापसाने पुसलं. कापूस काळा झाला. दुसरा बोळा करडा. शिरांच्या कडेला तर चौथ्या बोळ्यालाही काळं लागत होतं. उन्हाळाभर डंपरनी उडवलेली धूळ मी झाडाच्या नावावर मांडली होती, आणि ती पावसाने धुऊन नेली तर झाडाचं शोषणच घटलं म्हणून लिहिलं होतं.

तेव्हा नळाच्या पाण्यावर भागवू नका. आधी नळाचं पाणी, मग अगदी पातळ डिटर्जंट, मग 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंदच, मग दोनदा डिस्टिल्ड पाणी. आम्लात जास्त वेळ ठेवलंत तर पानाच्या आतलंही बाहेर येतं. आयसीपीची (एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) सोय असेल तर टायटॅनियम मोजून घ्या. मातीत ते भरपूर असतं, झाड जवळपास घेत नाही. पानात ते जास्त दिसलं तर धूळ राहिली आहे. आणि क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असेल तर स्टीलच्या पात्याच्या मिक्सरमध्ये पानं दळू नका.

हे मला गाईडने सांगितलं नाही, त्यांनी फक्त आलेख पाहिले. माझं ठाम मत आहे की पहिल्या महिन्यात गाईडपेक्षा प्रयोगशाळेतल्या जुन्या सहायकाशेजारी बसावं. मला धुण्याचा क्रम अखेर तिथेच शिकायला मिळाला.

शिसं असलेल्या जागेवर ईडीटीए (धातूला धरून विरघळतं ठेवणारं रसायन) टाकून झटपट निकाल दाखवण्याच्या नादी तर मुळीच लागू नका. शिसं एरवी बहुतेक मुळांपाशीच अडकून बसतं. ईडीटीएने ते सुटतं खरं, पण पानात जाण्याआधी भूजलात उतरू शकतं. त्या विहिरीचं पाणी कुणीतरी पितं.

धुतल्यावर आकडे पडतील, माझेही पडले. आपलं झाड हायपरअक्युम्युलेटर, म्हणजे पानांत धातू प्रचंड साठवणारं, निघालं नाही म्हणून खचू नका. मॅंगनीजसाठी तसं म्हणवून घ्यायची रेघ पानाच्या कोरड्या वजनात किलोला 10,000 मिलिग्रॅम आहे. आपला करंज तिच्या आसपासही येत नाही. न्यू कॅलेडोनियातल्या पिक्नॅन्ड्रा अक्युमिनाटा या झाडाचा चीक निळाहिरवा असतो आणि सुकल्यावर त्यात सुमारे 25 टक्के निकेल भरतं, हे 1976 साली नोंदवलं गेलं. तशी झाडं जगात मोजकीच. आपल्या झाडांचं काम वेगळं आहे: ढिगारा धरून ठेवायचा, धूळ आणि वाहून जाणारा गाळ थांबवायचा. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातली प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून झाडं उभी केली. तेही याच विषयातलं काम आहे, आणि प्रबंधाला पुरेसं आहे.

पुढच्या खेपेला पानं दुप्पट तोडा. अर्धी धुवा, अर्धी तशीच वाळवा, पिशव्यांवर दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावा. दोन्हींतला फरक ही धूळ. तिला प्रबंधात वेगळा तक्ता द्या.