ॲक्चुरियल सायन्सची डिग्री: नाशिकच्या बारावीवाल्यांसाठी थोडं सविस्तर

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या तरी आईचा फोन येतोच, सिडकोतून नाहीतर इंदिरानगरमधून, की आमच्या पोराला मॅथ्समध्ये चांगले मार्क आहेत, इंजिनिअरिंग नको म्हणतोय, तू ते केलंस ते ॲक्चुरियल की काय ते असतं तरी काय, त्यात पैसा आहे म्हणे. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ॲक्चुअरी म्हणजे विमा, पेन्शन असल्या गोष्टींतली जोखीम गणिताने मोजून त्यासाठी आज किती पैसे लागतील ते काढणारा माणूस. पहिलं म्हणजे, नुसती डिग्री घेऊन कुणी ॲक्चुअरी होत नाही. बीकॉम आणि सीए यांचं जे नातं तेच इथे. मी मुंबईतल्या एका कॉलेजातून बीएस्सी ॲक्चुरियल सायन्स केलं, पण ॲक्चुअरी व्हायचं तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया नाहीतर ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज यांच्या परीक्षा द्याव्याच लागतात. आपल्याकडची संस्था 2006 च्या ॲक्चुअरीज ॲक्टखाली चालते. तिची एन्ट्रन्स म्हणजे एसेट (ACET), तीन तासांची, 100 मार्कांची, त्यात मॅथ्स, स्टॅट्स, डेटा इंटरप्रिटेशन, इंग्लिश आणि लॉजिकल रिझनिंग. बारावीनंतर लगेच देता येते. ती निघाली की स्टुडंट मेंबर व्हायचं आणि मग खरे पेपर सुरू: सीएस1, सीएस2 (स्टॅटिस्टिक्स), सीएम1, सीएम2 (विम्याचं-व्याजाचं गणित), सीबीचे (बिझनेसचे) पेपर, पुढे सीपी, एसपी आणि सगळ्यात शेवटी एसए, हे वरच्या पायऱ्यांचे पेपर. नोकरी करता करता हे सगळं उरकायला पाच-सात वर्षं सहज जातात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी "झालं का गं तुझं?" सुरू होतं आणि ते काही संपत नाही.

मग डिग्रीत शिकवतात काय? पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी, इकॉनॉमिक्स, चक्रवाढ व्याजाचं सगळं गणित. दुसऱ्या वर्षी लाइफ टेबल (कुठल्या वयात किती माणसं दगावतात त्याचा तक्ता), स्टॅटिस्टिकल इन्फरन्स, रिग्रेशन. तिसऱ्या वर्षी मार्कोव्ह चेन, सर्व्हायव्हल मॉडेल, टाइम सिरीज, ऑप्शनची किंमत काढणं वगैरे. नावं ऐकून घाबरू नका, मूळ कल्पना साधी आहे. समजा एका वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात दोघं जातात असं टेबल सांगतंय आणि प्रत्येकाचा एक लाखाचा एका वर्षाचा विमा आहे. म्हणजे माणशी सरासरी खर्च 200 रुपये, पण ते पैसे वर्षाच्या शेवटी द्यायचेत असं धरलं आणि व्याज 6 टक्के धरलं तर आज लागतात 188 रुपये 68 पैसे. झाला प्रीमियम. आता यात कंपनीचा खर्च, एजंटचं कमिशन, थोडा राखीव भाग टाका, एका वर्षाऐवजी तीस वर्षं करा, मधेच पॉलिसी सोडणारे धरा, व्याजदर बदलता ठेवा, की त्याच गणिताचा सीएम1 होतो. टेबलही काल्पनिक नसतं, भारतीय विमाधारकांच्या खऱ्या अनुभवावरून काढलेलं असतं, सध्या 2012-14 चं चालतं.

मला स्वतःला हे सगळं पटलं ते मात्र मुंबईत नाही, मामाच्या मळ्यात, निफाड तालुक्यात. द्राक्षाला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो, अवेळी पाऊस, कमी तापमान असे ट्रिगर ठरलेले असतात आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर भरपाई ठरते, तुमच्या बागेत येऊन कुणी घड मोजत बसत नाही. मामा वैतागून म्हणाला, पाऊस माझ्या बागेत पडला आणि तुमचं मशीन चार गावं सोडून कोरडं उभं, मग मी हप्ता कशाचा भरला? या तक्रारीला आमच्या पुस्तकात बेसिस रिस्क म्हणतात आणि वर्गात त्यावर पाऊण तास लेक्चर झालं होतं, पण मामाच्या एका वाक्यात ते जास्त समजलं. फळपिकाला शेतकऱ्याचा हिस्सा मुळात विमा रकमेच्या 5 टक्के, खरीप धान्याला 2, रब्बीला दीड, पण खरा दर त्याहून जास्त निघतो आणि वरचा फरक बहुतेक केंद्र आणि राज्य सरकार भरतं. तो खरा दर काढणं हेच ॲक्चुअरींचं काम. कांदा-द्राक्षाच्या जिल्ह्यातल्या पोरांना हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही.

आता पैशाचं. प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांची तीन वर्षांची फी लाखांत जाते, वर हॉस्टेल, मेस. ब्रोशरवर मोठ्ठ्या अक्षरात 'एक्झम्प्शन' लिहिलेलं दिसलं की पालक खूश होतात. एक्झम्प्शन म्हणजे डिग्रीतल्या मार्कांवर काही पेपरांतून सूट. ती कुठल्या पेपरांना, किती मार्कांवर, कुठल्या बॅचला, हे त्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर जाऊन बघा, ॲडमिशन काउन्सेलरचं ऐकून सही करू नका. माझ्या स्पष्ट मताने सूट नसेल आणि घरी कर्ज काढावं लागणार असेल तर ही डिग्री घेऊ नका. इथेच बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला ॲडमिशन घ्या, कॉलेजरोड-गंगापूररोड पट्ट्यात चांगली कॉलेजं आहेत, आणि बाजूने एसेट, सीएस1, सीएम1 काढा. माझी शाळेतली मैत्रीण असंच करून आज माझ्याच टीममध्ये आहे, आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा पक्की आहे कारण तिला तिच्या कॉलेजातल्या सरांनी फळ्यावर प्रत्येक प्रूफ करायला लावलं होतं.

डिग्रीचा फायदा अगदीच नाही असं नाही हं. आजूबाजूला सगळे तेच पेपर देत असतात, सिनिअर नोट्स देतात, इंटर्नशिपच्या बातम्या कानावर येतात. नाशकात हे एकट्याने करायचं तर अवघड जातं, आमच्या पप्पांचे प्रेसमधले मित्र अजूनही मला एलआयसीत आहेस ना म्हणूनच विचारतात. पण मागच्या परीक्षांचे पेपर उत्तरांसकट इन्स्टिट्यूटच्या साइटवर फुकट आहेत, सिलॅबसही आहे, तेवढ्यावर खूप पुढे जाता येतं. क्लास लावायचाच तर ऑनलाइन लावा. आणि आर (स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि एक्सेल पहिल्या वर्षापासून हाताखाली घ्या, सीएसच्या बी पेपरात, म्हणजे कॉम्प्युटरवर सोडवायच्या भागात, आर लागतं, सीएमच्या बी पेपरात एक्सेल, आणि इंटरव्ह्यूत तर दोन्ही.

नोकऱ्या कुठे? मुख्यतः मुंबई, पुणे, गुरगाव, बंगळूर. एखाद-दोन पेपर निघाल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, दोन-तीन असले तर बोलावणं येतं. नाशकात थेट काम कमी आहे, एक सोडून: सातपूर-अंबडच्या कंपन्यांना कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद हिशेबात दाखवावी लागते आणि त्याचं व्हॅल्युएशन ॲक्चुअरी करतो. ढोबळ सूत्र सगळ्यांना माहितीय, शेवटचा बेसिक अधिक डीए गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं, पण कोण किती वर्षं टिकेल आणि तोपर्यंत पगार किती वाढेल हे धरून आजचा आकडा काढायचा असतो.

शेवटचं, तारखांचं. इन्स्टिट्यूटच्या परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण मे-जून आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, आणि पुणे विद्यापीठाच्या सेमिस्टरही त्याच्याच आसपास येतात. त्यामुळे एका वेळी एकच जड पेपर भरा, सीएम1 भरलात तर त्याच्यासोबत फार तर सीबी2, कारण तो इकॉनॉमिक्सचा आहे आणि कॉलेजच्या अभ्यासात निम्मा होऊन जातो. फॉर्म भरायच्या आधी दोन्हीकडची टाइमटेबलं शेजारी ठेवून बघा.