जुनी सायकल घेताय? आधी सीट उपसून पाहा

बडोद्यात जुनी सायकल घेताना मी पहिल्यांदा सीट दांडीसकट बाहेर काढायला लावतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं, सायकलीही बुडाल्या. वरून रंग मारला की काही कळत नाही, पण नळीत मोबाइलचा टॉर्च मारला की आतला गंज आणि वाळलेला गाळ लपत नाही. दांडी निघतच नसेल तर ती आत गंजून धरली आहे. अशी सायकल सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

मग हँडलखालच्या जोडाजवळ बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर लागली तर सायकल समोरून आपटलेली असू शकते. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरून आडवा हलवा, खुळखुळला तर बेअरिंगचं काम निघणार. चेनला पट्टी लावा: २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १/८ इंच जास्त भरली तर चेन गेली, बहुधा चक्राचे दातेही झिजलेले.

टायर-ट्यूब, ब्रेकचे गुटके जुने असले तरी चालेल, ते बदलता येतात. फक्त तेवढा खर्च किमतीतून कमी करून मागा.