जुन्या किंडलचा भिंतीवरचा फलक: या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी २०११ सालचं, बटणांचं किंडल (ई-बुक वाचायचं यंत्र) टांगलंय. तिथी, पावसाचा अंदाज, पाणी किती वाजता येणार आणि कुणाला कुठे जायचंय, एवढंच त्यावर दिसतं. हे जमवायला तीन शनिवार-रविवार गेले. त्यातले अडीच माझ्याच चुका निस्तरण्यात!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं काम किंडलकडूनच करून घ्यायला जाणं. त्याच्या जुन्या ब्राउझरला आजच्या कितीतरी सुरक्षित साइट्स उघडताच येत नाहीत, कारण त्याची प्रमाणपत्रं आणि एन्क्रिप्शन जुनं आहे. एक अख्खा दिवस मी हवामानाचं पान उघडायचा प्रयत्न करत बसलो होतो. डोकं चालवायचं काम रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाला किंवा माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपला द्या. त्याने माहिती गोळा करून तिचं चित्र बनवायचं, आणि जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं काढून टाकलेल्या किंडलने घरच्याच वाय-फायवरून ते आणून दाखवायचं, बस्स. वाय-फाय मात्र २.४ गिगाहर्ट्झचं हवं. ५ चं नेटवर्क या यंत्राला दिसतच नाही.

चित्र तिरकं, पट्ट्यापट्ट्यांचं दिसत असेल तर किंडल बिघडलेलं नाही, चित्राची पीएनजी फाइल चुकीची आहे. या मॉडेलला नेमकी ६०० बाय ८०० पिक्सेलची, ८-बिट ग्रेस्केल (नुसत्या काळ्या-राखाडी छटांची) आणि पारदर्शकता नसलेली फाइल लागते. स्क्रीनवर राखाडीच्या १६च छटा आहेत. त्यामुळे मोबाइलवर देखणी दिसणारी फिकट, बारीक अक्षरं इथे मळकट दिसतात. ठळक, पूर्ण काळी ठेवा.

आता मराठीचा खास घोळ. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पिलो नावाच्या चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीने चित्र बनवलं आणि ‘शनिवार’मधल्या नची वेलांटी वच्या डोक्यावर जाऊन बसली; ‘ज्येष्ठ’मधली जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली. मी चार फॉन्ट बदलले, पण दोष फॉन्टचा नव्हताच. देवनागरी अक्षरं नीट जुळवायला पिलोला ‘राक्म’ नावाची लायब्ररी सोबत लागते. ती नसेल तर पिलो अक्षरं टंकलेल्या क्रमाने नुसती एकापुढे एक मांडतं. सोपी वाट हवी असेल तर साधं एचटीएमएल पान लिहा आणि क्रोमियम या ब्राउझरकडून त्याचा स्क्रीनशॉट काढून घ्या. ब्राउझरला देवनागरी येते.

सकाळी ६ ला बदलायचा फलक साडेअकराला बदलतोय? किंडलचं आतलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करून घेणाऱ्या सोयीत) ००:३० लिहा.

कालच्या आकड्यांची भुतं आजच्या आकड्यांमागे दिसत असतील तर अर्धवट रिफ्रेश चालू आहे, म्हणजे जुनं चित्र पूर्ण न पुसताच नवं काढलं जातंय. दर वेळी पूर्ण रिफ्रेश करा. स्क्रीन क्षणभर काळी-पांढरी होते, तेवढं चालवून घ्या.

बॅटरी दोन दिवसांत संपली की लोक स्क्रीनला दोष देतात. ई-इंकला, म्हणजे किंडलच्या या कागदासारख्या स्क्रीनला वीज लागते ती चित्र बदलताना; स्थिर चित्र फुकट राहतं. चार्जिंग खातं ते सतत चालू ठेवलेलं वाय-फाय आणि जागं राहिलेलं यंत्र. किंडलला झोपू द्या, अलार्म लावून तासाभराने उठवा, चित्र आणलं की परत झोपवा. कायम चार्जरला जोडून ठेवायचा मोह टाळा. जुनी लिथियम बॅटरी फुगू शकते आणि स्क्रीनला मागून रेटते. आतली काच नाजूक असते, म्हणून फ्रेमही घट्ट आवळू नका.

जेलब्रेक झाल्या झाल्या अपडेट बंद करायला विसरू नका, नाहीतर एखाद्या रात्री नवं सॉफ्टवेअर येऊन तुमची मेहनत पुसली जाऊ शकते. मी राउटरवरूनच त्याचं बाहेरचं इंटरनेट तोडलंय. त्याला घरातला लॅपटॉप दिसला की पुरे.

पहिल्या आवृत्तीत मी शेअरबाजार, ई-मेलची संख्या, आर्द्रता असं बरंच कोंबलं होतं. ओट्यापाशी उभं राहून कुणालाच ते वाचता येईना, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र आल्यागेल्या प्रत्येकाने वाचली. आई म्हणाली, “मग कॅलेंडर काय वाईट होतं?” आता चारच ओळी आहेत, मोठ्या टायपात. दुधाचा हिशेब अजून शेजारच्या कागदी कॅलेंडरवरच होतो. तिथे पेन चालतं.